दक्षिणा आणि बहिष्कार : शनिवार पेठेतील राज्यसत्ता व धर्मसत्ता

राज्यसंस्था आणि धर्म यांच्या परस्परसंबंधाची चर्चा बहुधा अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीपासून किंवा फ्रान्समधील १९०५ च्या विभक्तीकरणाच्या कायद्यापासून सुरू केली जाते, आणि त्या मांडणीत महाराष्ट्राचे स्थान १९५० नंतर, म्हणजे संविधान अमलात आल्यावरच येते. पुण्याच्या शनिवार पेठेचा इतिहास पाहिला की ही मांडणी अपुरी वाटू लागते. मोगलांच्या काळी मुर्तुजाबाद या नावाने ओळखली जाणारी ही वस्ती पूर्वेस शनिवारवाड्याला आणि उत्तरेस मुठेच्या पात्राला भिडलेली आहे; नदीकाठी ओंकारेश्वराचे मंदिर, त्याच्या परिसरात चिमाजी आप्पांची समाधी आणि दीर्घकाळ दहनासाठी वापरला गेलेला घाट, तर पेठेच्या आतल्या भागात साने गुरुजींनी स्थापन केलेल्या ‘साधना’ साप्ताहिकाची कचेरी आहे. पेशव्यांची सत्ता, कंपनी सरकारचा प्रारंभीचा कारभार आणि संविधानोत्तर महाराष्ट्रातील धर्मचिकित्सेची चळवळ या तिन्ही गोष्टी एवढ्या लहान क्षेत्रात एकमेकींना लागून आढळतात. या तिन्ही काळांत सरकार आणि धर्म यांचा व्यवहार मुख्यतः दोन प्रश्नांभोवती फिरत राहिला. पहिला प्रश्न असा की धर्मकार्यासाठी सार्वजनिक तिजोरीतून पैसा कोणाला मिळावा. आणि दुसरा असा की धर्माच्या किंवा जातीच्या नावाने एखाद्या माणसाला समाजाबाहेर घालवण्याचा अधिकार कोणाला असावा. दक्षिणा आणि बहिष्कार या दोन संस्थांचा मागोवा घेतला असता असे दिसते की सरकार धर्मापासून खऱ्या अर्थाने अलिप्त कधीच नव्हते, आणि जेव्हा त्याने अलिप्ततेची घोषणा केली तेव्हा तिचे मोल दुर्बल व्यक्तीला चुकवावे लागले.

शनिवारवाड्याच्या बांधकामास १० जानेवारी १७३० रोजी प्रारंभ झाला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वाड्याची वास्तुशांत झाली. याच सुमारास दक्षिणेची प्रथा पुण्यात आली. श्रावण महिन्यात ब्राह्मणांना द्रव्यदान करण्याची ही चाल मूळची तळेगावच्या सेनापती खंडेराव दाभाडे यांची. १७३१ च्या एप्रिलात डभईच्या लढाईत त्यांचे पुत्र त्र्यंबकराव दाभाडे मारले गेल्यावर पेशवा बाजीरावाने ती पुण्यात सुरू केली आणि पुढच्या काळात तिला राज्याच्या एका मोठ्या वार्षिक समारंभाचे रूप आले. वेदशास्त्रसंपन्न विद्वानांची परीक्षा घेऊन त्यांना योग्यतेप्रमाणे रक्कम व शालजोडी दिली जाई, तर इतर ब्राह्मणांना पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात, म्हणजे कुंपण घातलेल्या मोठ्या आवारात, दक्षिणा वाटली जाई. देशभरातून ब्राह्मण या वाटपासाठी पुण्यात येत, त्यामुळे शहरातील पाठशाळांना, शास्त्रचर्चेला आणि हस्तलिखितांच्या संग्रहाला बळ मिळाले, ही गोष्ट नाकारता येत नाही. पण रयतेच्या महसुलातून उभा राहणारा हा पैसा एकाच वर्णाच्या हाती जात होता आणि विद्येचा अर्थही त्या वर्णाला खुल्या असलेल्या विद्येपुरता मर्यादित राहत होता. याच्या जोडीला मशिदी व दर्ग्यांना पूर्वीपासून चालत आलेली इनामे पुढे चालवण्याची रीत मराठी राज्यात होती. शिवाजी महाराजांनी अशी उत्पन्ने चालू ठेवल्याची नोंद सभासदाच्या बखरीत आहे. तेव्हा त्या राज्याला एकधर्मी म्हणणे बरोबर होणार नाही. तेथे अनेक धर्मांना आश्रय होता. समान आश्रय मात्र नव्हता.

पैशापेक्षा अधिक खोल परिणाम बहिष्काराच्या यंत्रणेचा होता. जातीच्या किंवा धर्माच्या आचारावरून उठणाऱ्या वादाला ‘ग्रामण्य’ म्हणत, आणि अशा वादात जात, शास्त्रीमंडळी, शंकराचार्यांचे पीठ व सरकार हे चारही घटक गुंतलेले असत. अपराधी ठरलेल्या माणसाला जातीत परत यायचे तर त्याला ‘राजदंड’ सरकारात भरावा लागे, ‘ब्रह्मदंड’ म्हणजे प्रायश्चित्तासंबंधीचे द्रव्य ब्राह्मणांना द्यावे लागे आणि शेवटी स्वजातीला भोजन घालून पंक्तीत बसण्याचा हक्क परत मिळवावा लागे. एकाच कृत्यासाठी सरकारची तिजोरी, धर्माधिकारी आणि जात या तिघांकडे दंड भरावा लागणे ही त्या काळच्या राज्यव्यवस्थेची नेमकी ओळख आहे. पाप आणि गुन्हा यांच्यामध्ये रेषाच नव्हती. जातींनी परस्परांना नमस्कार कसा करावा, कोणत्या जातीने वेदोक्त विधी करावेत आणि कोणी धोतर कोणत्या पद्धतीने नेसावे, यांसारख्या प्रश्नांवर पुणे दरबाराकडे तक्रारी येत आणि दरबार त्यांचा निवाडा करी. ब्राह्मणांचा सोनारांशी झालेला नमस्काराचा आणि वेदोक्ताचा वाद तर पेशवाई बुडाल्यानंतरही कंपनी सरकारच्या दाराशी गेला.

या व्यवस्थेची पकड खुद्द राज्यकर्त्यावरही होती. बाजीराव आणि मस्तानी यांच्या संबंधाला पुण्यातील ब्राह्मणवर्गाने मान्यता दिली नाही, त्यांच्या मुलाची मुंज होऊ शकली नाही असे परंपरा सांगते, आणि तो समशेर बहादूर या नावाने वाढला व १७६१ मध्ये पानिपतच्या संग्रामात कामास आला. उत्तरेकडे मोहिमा नेणाऱ्या पेशव्याला स्वतःच्या वाड्यातल्या धर्मकार्याविषयीचा शब्द मात्र अंतिम करता आला नाही. याच पकडीची उजळ बाजू ३० ऑगस्ट १७७३ नंतर दिसली. त्या दिवशी भाद्रपदातील गणेशोत्सवाच्या काळात गारद्यांनी शनिवारवाड्यात तरुण नारायणराव पेशव्याचा खून केला, आणि संशयाची सुई त्याचा चुलता रघुनाथराव याच्याकडे वळली. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावाला देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही असे सांगितले आणि त्याच्या कारकिर्दीत पद सांभाळण्याचे नाकारून पुणे सोडले. राज्यकर्त्याच्या वर दुसरा लिखित कायदा नव्हता, म्हणून न्यायाधीशाला धर्मशास्त्राच्या भाषेतच सत्तेला आव्हान द्यावे लागले; त्या भाषेत नैतिक धैर्य होते, परंतु निकालाची अंमलबजावणी करणारी यंत्रणा आरोपीच्याच हाती होती. बारभाईंनी, म्हणजे त्याच्याविरुद्ध एकवटलेल्या कारभाऱ्यांनी, रघुनाथरावाला दूर सारले ते राजकारणाने. शास्त्राच्या निर्णयाने तो दंडित झाला नाही. धर्म राजसत्तेला आवर घालतो हा पुष्कळदा केला जाणारा दावा या घटनेवरून तपासला, तर त्याचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही एकाच वेळी कळतात.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली आणि १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले. कंपनी सरकारच्या वतीने मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने ११ फेब्रुवारी १८१८ च्या साताऱ्याच्या जाहीरनाम्यात वतने, इनामे, नेमणुका आणि सर्व पंथांचे धर्माचार यांना संरक्षण देण्याचे आश्वासन दिले. त्यामागे उदारता होती तशी गरजही होती; नुकत्याच जिंकलेल्या मुलखात ब्राह्मणवर्ग व इनामदार यांना एकाच वेळी दुखावणे परवडणारे नव्हते. पुण्याचा पहिला कलेक्टर हेन्री डंडास रॉबर्टसन शनिवारवाड्यात राहू लागला. कंपनी सरकारने दक्षिणा बंद केली नाही. तिची रक्कम सालिना सुमारे ५० हजार रुपयांपर्यंत आणली आणि तिचा एक भाग विद्येकडे वळवत ऑक्टोबर १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात हिंदू पाठशाळा सुरू केली. ख्रिस्ती राज्यकर्त्यांचे सरकार ब्राह्मणांना श्रावणात दक्षिणा वाटते हे दृश्य मिशनऱ्यांना सहन होण्यासारखे नव्हते, आणि १८३३ मध्ये कंपनीच्या संचालकांनी यात्राकर व देवस्थानांचा कारभार यांतून सरकारने अंग काढून घ्यावे असा आदेश हिंदुस्थानात पाठवला तो याच दडपणाखाली. पुण्यापुरते बोलायचे तर अंग काढून घेण्याची ही क्रिया संथ होती, आणि तिच्यात एक लक्षणीय विसंगती होती.

ती विसंगती सहगमनाच्या प्रश्नात सर्वांत ठळकपणे दिसते. १८२३ मध्ये पुण्यात सती जाणारी एक विधवा आगीचा दाह असह्य होऊन चितेबाहेर आली, तिला पुन्हा चितेवर घालण्यात आले, तेथे हजर असलेल्या युरोपीय अधिकाऱ्यांनी तिला बाहेर ओढले, पण भाजल्यामुळे ती दुसऱ्या दिवशी मरण पावली. रॉबर्टसनने या घटनेनंतर सरळ बंदी घातली नाही. त्याने पुण्यातील शास्त्रीमंडळींना बोलावून शास्त्राप्रमाणे चितेची रचना कशी असावी हे विचारले आणि त्यांच्या उत्तराचा आधार घेऊन गवताच्या खोपटासारखी, स्त्रीला बाहेर पडता येईल अशी चिता रचावी असा दंडक घातला. आगीची धग हळू वाढेल, जळण्याचे भय आधीच जाणवेल आणि बाहेर येण्याची वाट मोकळी राहील, म्हणून स्त्रिया आपोआप परावृत्त होतील, असा त्याचा हिशेब होता. हेतू दयेचा असला तरी या हुकमाचा अर्थ गंभीर आहे, कारण त्यामुळे कलेक्टर हाच धर्मशास्त्राचा अर्थ लावणारा अधिकारी बनला आणि एखादी प्रथा टिकावी की नाही याचा निर्णय माणसाच्या जिवाच्या मोलावरून न होता ग्रंथातील वचनावरून होऊ लागला. बंगालमध्ये १८२९ मध्ये व मुंबई इलाख्यात १८३० मध्ये सहगमन बेकायदा ठरले, तेव्हा ही पद्धत संपली. शास्त्राला विचारून कायदा करण्याची सवय मात्र संपली नाही. त्याआधीच, १८२७ मध्ये, आर्थर स्टील याने दख्खनच्या हिंदू जातींच्या कायद्याचे व रूढींचे जे संकलन प्रसिद्ध केले, ते पुण्यातील शास्त्री व निरनिराळ्या जातींचे प्रमुख यांच्याकडून घेतलेल्या माहितीवर उभे होते, आणि तोवर तोंडी व लवचीक असलेल्या कितीतरी रूढी त्यामुळे छापील व ताठर झाल्या.

त्याच वर्षी मुंबई सरकारने केलेल्या कायदेसंग्रहात, १८२७ च्या दुसऱ्या रेग्युलेशनच्या २१ व्या कलमात, जातीच्या प्रश्नांत दिवाणी न्यायालयांनी हस्तक्षेप करू नये असे ठरले. वरवर पाहता ही धर्मस्वातंत्र्याची ग्वाही वाटते. पेशवाईत बहिष्काराला सरकारचे बळ होते, पण सरकारकडे दादही मागता येत असे. वाळीत टाकलेला माणूस पुणे दरबारात अर्ज करू शकत असे आणि दरबार जातीला आज्ञा करू शकत असे. १८२७ नंतर दरबार उरला नाही आणि न्यायालयाने दार लावून घेतले, त्यामुळे जातीचा निर्णय हाच अखेरचा निर्णय झाला. सरकारने धर्मापासून दूर राहणे हा तटस्थपणाचा सर्वांत सोपा अर्थ आहे. परंतु ज्या समाजात विहीर, लग्न, न्हावी, तेरवीचे जेवण आणि स्मशान या सगळ्यांवर जातीचा ताबा आहे, तेथे सरकार दूर गेले की मोकळी झालेली जागा व्यक्तीच्या वाट्याला येत नाही, ती जातपंचायतीच्या वाट्याला जाते. १८५० च्या २१ व्या कायद्याने या भिंतीला पहिले खिंडार पाडले. धर्मांतर केल्याने किंवा जातीबाहेर पडल्याने कोणाचाही वारसाहक्क बुडणार नाही, असे त्या कायद्याने ठरवले, आणि बहिष्काराची आर्थिक धार तेवढ्यापुरती बोथट झाली. सामाजिक धार तशीच राहिली.

दरम्यान दक्षिणेच्या प्रश्नाला वेगळेच वळण लागले, आणि धर्म व सरकार यांच्या संबंधाच्या महाराष्ट्रातील इतिहासातले हे सर्वांत फलदायी प्रकरण मानावे लागेल. १८३० च्या दशकात सरकारने दक्षिणेच्या यादीत नवी नावे घालणे थांबवले होते आणि शिलकी रक्कम वाढू लागली होती. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांनी ‘प्रभाकर’ पत्रातून १८४८ पासून लिहिलेल्या शतपत्रांत ब्राह्मणांच्या परावलंबी विद्येवर कठोर टीका केली होती, आणि १८४९ मध्ये पुण्यातील सुधारकांनी दक्षिणेतील काही रक्कम मराठीतील उपयुक्त ग्रंथांसाठी खर्च व्हावी असा अर्ज सरकारकडे केला. सनातनी पक्ष संतापला, अर्जदारांवर बहिष्काराची व मारहाणीची धमकी आली, आणि त्या वेळी वीस-बावीस वर्षांच्या जोतीराव फुले यांनी महार-मांग तरुणांना जमवून अर्जदारांच्या रक्षणास उभे केले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. दक्षिणेवरचा वाद बहिष्काराच्या धमकीने लढवला गेला, यावरून या दोन संस्था एकमेकींना किती घट्ट बांधलेल्या होत्या हे लक्षात येते. सरकारने अर्ज मान्य केला, १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली आणि मराठी ग्रंथकारांना बक्षिसे मिळू लागली. पुढे याच निधीतून दक्षिणा फेलोशिप निघाली आणि महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना तिचा लाभ झाला. पुण्याच्या पाठशाळेचेही १८५१ मध्ये पूना कॉलेजात रूपांतर झाले आणि त्यातून डेक्कन कॉलेज उभे राहिले. धर्मदायाचा पैसा सर्वांच्या विद्येकडे वळवण्याचा हा प्रयोग कोणत्याही धर्मावर घाव न घालता झाला. त्यासाठी सरकारला पुढाकार घ्यावा लागला आणि तो पुढाकार नागरिकांच्या अर्जामुळे घेतला गेला. प्रयोगाची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. फुल्यांनी १८५५ मध्ये शूद्र कुटुंबाची पुरोहिताकडून होणारी फसवणूक दाखवणारे ‘तृतीय रत्न’ हे नाटक या कमिटीकडे पाठवले, आणि ते नाकारले गेले. निधीचा हेतू बदलला होता, निवड करणारे हात फारसे बदलले नव्हते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बहिष्काराचे स्वरूप काय झाले होते याचे चित्र पुण्यातील पंचहौद या ख्रिस्ती मिशनच्या प्रकरणात सापडते. १४ ऑक्टोबर १८९० रोजी त्या मिशनमध्ये झालेल्या समारंभात चहा व बिस्किटे दिली गेली; उपस्थितांत रानडे होते तसेच बाळ गंगाधर टिळकही होते, आणि गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रात प्रसिद्ध केल्यावर शहरात ग्रामण्य उभे राहिले. शंकराचार्यांच्या वतीने शास्त्र्यांचे चौकशी मंडळ बसले, आणि १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. हायकोर्टाच्या न्यायासनाच्या उंबरठ्यावर असलेल्या या पुरुषाला घरच्या व आप्तांच्या कार्यात अडचण येऊ नये म्हणून चहाच्या पेल्यासाठी प्रायश्चित्त घ्यावे लागले, तेव्हा सामान्य माणसाची स्थिती कशी असेल याची कल्पना करता येते. सरकारचा येथे कोठेही संबंध नव्हता. पेशवाईतील राजदंड गळून पडला होता, ब्रह्मदंड व जात शिल्लक होती, आणि त्यांना आता कोणाकडेही उत्तर द्यावे लागत नव्हते. अस्पृश्यांच्या बाबतीत हीच अलिप्तता अधिक निर्दय ठरली. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी पर्वतीच्या देवळात प्रवेश मिळावा म्हणून पुण्यात सत्याग्रह सुरू झाला, त्यात शिवराम जानबा कांबळे व पां. ना. राजभोज यांच्यासह काकासाहेब गाडगीळ, एस. एम. जोशी यांसारखे तरुण सहभागी झाले, आणि सत्याग्रहींवर जमावाने दगडफेक केली. पर्वतीचे संस्थान पेशव्यांनी उभारलेले, आणि ब्रिटिश काळातही त्याला सरकारी खजिन्यातून नेमणूक मिळत होती. देवळाचा दिवा सर्वांच्या करातून जळत असताना करदात्यांपैकी एका मोठ्या वर्गाला पायऱ्याही चढू न देण्याचा विश्वस्तांचा हक्क सरकार मुकाट्याने मान्य करत होते. तटस्थतेच्या ब्रिटिश धोरणावर यापेक्षा कडक दोषारोप दुसरा करता येणार नाही.

संविधानकर्त्यांसमोर हा सगळा वारसा होता. २ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जे प्रतिपादन केले त्याचा आशय असा की भारतात धर्माची कल्पना जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या प्रत्येक गोष्टीला व्यापते, म्हणून धर्मस्वातंत्र्याचे संरक्षण खरोखर धार्मिक असलेल्या श्रद्धा व विधींपुरते मर्यादित ठेवावे लागेल, अन्यथा कोणतीही सामाजिक सुधारणा कायद्याने करता येणार नाही. संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने प्रत्येक व्यक्तीला सदसद्विवेकाचे व धर्माचरणाचे स्वातंत्र्य दिले, पण ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीती, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क यांच्या अधीन ठेवले आणि सार्वजनिक स्वरूपाची हिंदू देवस्थाने सर्व वर्गांना खुली करण्याचा राज्याचा अधिकार त्यात स्पष्टपणे नोंदवला. सव्विसाव्या अनुच्छेदाने धार्मिक संप्रदायाला आपला धर्मविषयक कारभार पाहण्याचा हक्क दिला. सत्ताविसाव्याने विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर देण्याची सक्ती मना केली. आणि सतराव्याने अस्पृश्यता नष्ट केली. दक्षिणेचा प्रश्न सत्ताविसाव्या अनुच्छेदात आणि बहिष्काराचा प्रश्न सतरा, पंचवीस व सव्वीस यांच्यामधल्या ताणात नव्याने उभा राहिला, असे म्हणता येईल.

मुंबई राज्याने या दोन्ही दिशांनी त्याच सुमारास पावले टाकली. तेंडोलकर समितीने धर्मादाय संस्थांची पाहणी केल्यावर १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम आला, आणि देवस्थान असो, दर्गा असो की पारशी वा जैन न्यास, प्रत्येक सार्वजनिक विश्वस्तसंस्थेची नोंदणी, हिशेब आणि तपासणी धर्मादाय आयुक्ताच्या देखरेखीखाली आली. या कायद्याला दिलेल्या आव्हानावर सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९५४ मध्ये रतिलाल पानाचंद गांधी खटल्यात निर्णय दिला, न्या. बिजनकुमार मुखर्जी यांनी कायद्याचा बराचसा भाग व संस्थांकडून घ्यावयाचे अंशदान वैध ठरवले, मात्र धर्मादाय आयुक्तालाच धार्मिक संस्थेचा विश्वस्त नेमता येईल ही तरतूद रद्द केली. सरकारने हिशेब मागावा, पण देवघरात यजमान होऊन बसू नये, ही सीमा या निकालाने आखून दिली आणि ती आजही उपयोगी आहे. पुढे पंढरपूरसाठी १९७३ मध्ये व शिर्डीसाठी २००४ मध्ये केलेल्या स्वतंत्र कायद्यांनी मोठ्या देवस्थानांच्या व्यवस्थापन समित्या सरकारकडून नेमल्या जाऊ लागल्या, तेव्हा ती सीमा पुष्कळ धूसर झाली. पंढरपुरात बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांच्या वंशपरंपरागत हक्कांतून भाविकांची सुटका होणे न्याय्य होते. परंतु देवस्थान समितीवरील नेमणूक ही राजकीय सोय बनू लागली, तर दक्षिणा वाटणारी जुनी राजसत्ता वेगळ्या वेषात परत येते, हा धोका संविधाननिष्ठ नागरिकाने डोळ्यांआड करू नये.

बहिष्काराच्या बाबतीत मुंबई राज्याने १९४९ मध्ये जो कायदा केला तो त्या काळाच्या मानाने धाडसी होता. कोणत्याही समाजाने आपल्या सदस्याला बहिष्कृत करणे अवैध आहे, असे त्यात म्हटले होते. १८२७ च्या कलमाने जातीला जे अभय दिले होते ते या कायद्याने काढून घेतले. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला, पण सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये चार विरुद्ध एक मतांनी तो रद्द केला, कारण श्रद्धेच्या कारणावरून बहिष्कृत करण्याचा अधिकार हा संप्रदायाच्या धर्मविषयक कारभाराचा भाग आहे असे बहुमताने मानले. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांचे मत वेगळे पडले. बहिष्कार माणसाला अस्पृश्याच्या पातळीवर नेऊन ठेवतो, म्हणून त्याला आळा घालणारा कायदा सतराव्या अनुच्छेदाच्या हेतूशी सुसंगत आहे, अशी त्यांची भूमिका होती. ग्रामण्यांचा दोन शतकांचा इतिहास समोर ठेवला तर सिन्हा यांचे अल्पमतच अधिक न्याय्य वाटते. बहुमताने वापरलेली कसोटी, म्हणजे एखादी प्रथा त्या धर्माचा अविभाज्य भाग आहे की नाही हे धर्मग्रंथ व परंपरा तपासून ठरवणे, रॉबर्टसनने शास्त्र्यांना विचारलेल्या प्रश्नाच्या फारशी पुढे गेलेली नाही. न्यायाधीशाला तेथे पुन्हा शास्त्री व्हावे लागते आणि ज्या माणसाला घराबाहेर, मशिदीबाहेर, कबरस्तानाबाहेर ठेवले आहे त्याचे दुःख दुय्यम पुरावा बनते.

शनिवार पेठेतील ‘साधना’चा संबंध या टप्प्यावर येतो. साने गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १ ते १० मे १९४७ असे दहा दिवस प्राणांतिक उपोषण केले आणि १५ ऑगस्ट १९४८ रोजी हे साप्ताहिक सुरू केले. १९९८ पासून त्याचे संपादक असलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या माध्यमातून अघोरी प्रथांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून अनेक वर्षे झगडत होते. त्यांचा आग्रह श्रद्धेवर बंदी घालण्याचा नव्हता. श्रद्धेच्या नावाने होणारी फसवणूक, मारहाण आणि नरबळी यांना गुन्हा ठरवावे एवढाच होता. २०१३ च्या मध्याला त्यांनी जातपंचायतींच्या मनमानीविरुद्धही मोहीम उघडली. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी ओंकारेश्वर मंदिराजवळच्या, अस्पृश्यतानिवारणासाठी आयुष्य वेचणाऱ्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे नाव दिलेल्या पुलावर त्यांची गोळ्या झाडून हत्या झाली. काही दिवसांतच राज्य सरकारने वटहुकूम काढला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा संमत केला. हत्येच्या खटल्यात पुण्याच्या विशेष न्यायालयाने मे २०२४ मध्ये दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडले. एवढ्या मर्यादित कायद्यासाठी एका माणसाला प्राण द्यावे लागले, ही महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनाला लागलेली जखम आहे.

जातपंचायतीविरुद्धच्या मोहिमेला २०१६ मध्ये कायद्याचे रूप आले. महाराष्ट्र सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तीचे संरक्षण करणारा अधिनियम त्या वर्षी एप्रिलात विधिमंडळात एकमताने संमत झाला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २०१७ मध्ये अमलात आला. वाळीत टाकणे, पाणवठा वा स्मशान वापरू न देणे, विवाहात अडथळा आणणे यांसारख्या कृत्यांसाठी तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा त्यात आहेत. या कायद्याने ग्रामण्याच्या जुन्या उतरंडीतील दंडाची दिशा उलटवली, कारण आता राजदंड बहिष्कृताला भरावा लागत नाही, बहिष्कार घालणाऱ्याला भरावा लागतो. मात्र १९६२ चा निकाल अद्याप उभा आहे, आणि जातपंचायतीने घातलेला बहिष्कार गुन्हा असताना धर्मगुरूने घातलेला बहिष्कार संविधानाने संरक्षित कसा, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर दोन्ही एकत्र वाचून मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये हा निकाल फेरविचारासाठी नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला, आणि २०१६ चा महाराष्ट्राचा कायदा संप्रदायांच्या दारापर्यंत पोचतो की जातीच्या दाराशीच थांबतो, हे त्या पीठाच्या उत्तरावर अवलंबून राहणार आहे.